झरीचा बुवा

वालूरकरांची बैलगाडी झरीच्या वेशीत आली, तरी फोनोचा कर्णा अजून व्यंकटरावांच्याच घरी होता.

आठ वर्षांपूर्वी दोघा भावांची वाटणी झाली, तेव्हा पंचांनी रान, बैल, भांडीकुंडी सारखी वाटली आणि शेवटी फोनो उरला. तो कोणीच सोडेना. मग पंचांनी पेटी आणि तबकडी थोरल्या आबासाहेबांना दिली, कर्णा आणि चावी धाकट्या व्यंकटरावांना. या निमित्ताने तरी भाऊ अधूनमधून एकत्र बसतील, असा त्यांचा हिशेब असावा. झालं एवढंच, की आठ वर्षं फोनो वाजला नाही. आबासाहेबांच्या बैठकीत पेटी शालीखाली झाकलेली असे. भिंतीपलीकडे कर्णा खुंटीला टांगलेला होता आणि त्यात चिमण्यांची दोन बाळंतपणं झाली होती. चावी व्यंकटराव करगोट्याला बांधून हिंडत.

पंचांनी त्या दिवशी बायनाबाईचीही वाटणी केली होती. ती दोघांची मधली बहीण, तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. तिने एक महिना इकडे जेवायचं, एक महिना तिकडे. त्यामुळे बोलाचाली बंद असलेल्या दोन घरांमधला सगळा निरोप तिच्याच तोंडून जाई.

त्या दिवसाची हकीकत घरात तीन-चार तऱ्हांनी सांगतात. मी बायनाबाईची धरली आहे. ती तरी पूर्ण खरी असेलच असं नाही.

"दादा म्हनायलेत, कर्णा द्या," बायनाबाई धाकट्याच्या ओसरीवर जाऊन म्हणाली.

"कर्णा देतो," व्यंकटराव म्हणाले. "चावी न्हाई देत. चावी मी फिरवनार. धा वर्षांचा होतो तवापासून मीच फिरवलीय."

"म्हंजी तू बैठकीत येनार?"

"मी न्हाई गेलो तर चावी एकलीच जाईल का चालत?"

बायनाबाईने कर्णा खुंटीवरून काढला, पदराने आतला काडीकचरा पुसला आणि नव्या नवरीची पाठराखण करावी तशी ती भावाच्या पुढे चालू लागली.

एवढी गडबड सुमनसाठी होती. आबासाहेबांची ही नात. तिचे आईबाप पटकीच्या एकाच आठवड्यात गेले, तेव्हा ती दोन वर्षांची होती. आता तिला पंधरावं सरत होतं आणि दोन स्थळं आबासाहेबांनीच मोडली होती. एकात मुलाचे काका जेवताना फार बोलले म्हणून, दुसऱ्यात मुलगा अजिबात बोलला नाही म्हणून. वालूरचं हे तिसरं. मुलगा परभणीला शिकलेला. सुमनने त्याला मागच्या महिन्यात विहिरीवरून पाहिलं होतं आणि त्या दिवशी घागर विहिरीवरच विसरून आली होती. तिच्या आजीने, दगडाबाईंनी, ती घागर स्वतः जाऊन आणली आणि कोणाला काही सांगितलं नाही.

सगळं ठरत आलं होतं. फक्त मुलाचे आजोबा, आप्पाराव, एक गोष्ट धरून बसले होते. झरीच्या फोनोवरची ती जुनी तबकडी ऐकल्याशिवाय आपण सुपारी फोडणार नाही. त्यांच्याकडेही ती होती, पण सुनेने ती वाळवणातल्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवली. वैशाखाच्या उन्हात तिचा द्रोण झाला. त्या द्रोणात आता कोंबड्यांना पाणी ठेवत.

*

बैठकीत पाहुणे बसले. आप्पाराव उंच, वाकलेले, कानात अत्तराचा फाया. शेजारी त्यांचा मुलगा बन्सीधर, म्हणजे सुमनचा होऊ घातलेला सासरा. त्याची नजर सारखी बापाकडे होती.

पेटीच्या एका बाजूला आबासाहेब, दुसऱ्या बाजूला व्यंकटराव. मध्ये हातभर अंतर.

"बायने, त्यांना सांग, चावी सावकाश फिरवा म्हनावं. आतली कमान जुनी झालीय, तुटंल," आबासाहेब म्हणाले.

"अक्का, त्यांना सांग, कमान मला दिसायलीय."

"ऐकलं दोगांनी," बायनाबाई म्हणाली. तिच्यापुढे बाभळीचे काटे होते आणि ती एकेक काटा नखावर टोचून पाहत होती. लढाईमुळे फोनोच्या पिना मिळेनाशा झाल्या होत्या. पांढरा, जुना, चांगला वाळलेला काटा तिरपा छाटला, की एक गाणं निघतं. दुसऱ्या गाण्याला दुसरा काटा.

"आमी लगनाच्या अगुदर ऐकलं होतं हे," आप्पाराव म्हणाले. "मानवतला, एका लग्नात. सकाळपातुर नाचलो. लोकायनी मला नवरदेव समजून हळद लावली होती."

"आप्पा," बन्सीधर म्हणाला.

"खरं सांगायलोय. तवा मला गुडघे होते."

आबासाहेबांना हे नाचण्याचं काही कळलं नाही. त्यांच्या मते ते गाणं नाचायचं नव्हतं. चौतीस वर्षांपूर्वी वडिलांनी हैदराबादेहून फोनो आणला, त्याच्याबरोबर ही एकच तबकडी आली. वरचा कागद कसरीने खाल्ला होता, त्यामुळे गाणाऱ्याचं नाव कधीच कळलं नाही. पण आवाज असा, की भरल्या विहिरीच्या तळातून कोणी बोलावं. घरात त्याला बुवा म्हणत. शब्द हिंदुस्तानी होते. कोणी सावळा नदीवर अडवतो आणि पैंजण हरवतं, एवढं कळे. बुवा एवढ्या गंभीरपणे सांगायलाय म्हणजे पैंजण हा जीवात्मा असणार, असं वडिलांनी ठरवून टाकलं होतं. एकादशीला सकाळी बुवा लागत. आबासाहेबांनी संसारातले सगळे मोठे निर्णय बुवा ऐकून घेतले होते, आणि वाटणीनंतरची आठ वर्षं त्यांना कशाचाच निर्णय नीट घेता आला नव्हता.

चावी फिरली. काटा टेकला. थोडी खरखर झाली आणि बुवा आले.

आबासाहेबांनी डोळे मिटले. व्यंकटरावांनीही मिटले. आतल्या दारामागे दगडाबाई उभ्या होत्या, त्यांनी चौकटीला हात लावला. बुवा सावकाश, एकेक पायरी चाचपत नदीवर उतरले. पैंजण हरवलं. त्यांना घाई नव्हती.

गाणं संपलं. काटा झिजून बोथट झाला होता.

"छान," आप्पाराव म्हणाले. "आता ते लावा."

"ते म्हंजी?"

"ज्याच्यासाठी आलोय ते."

"हेच ते."

आप्पारावांनी कानातला अत्तराचा फाया काढला, तो नीट पाहिला आणि परत घातला. "आबासाहेब, ते बाईचं गानं हाय. ती गायला लागली की मानसाचं ढुंगन जमिनीला टेकत न्हाई. हे कोन म्हातारं कन्हायलंय?"

आठ वर्षांत पहिल्यांदा व्यंकटराव थेट भावाकडे वळून बोलले. "दादा, बुवाला म्हातारं म्हनायलेत."

"ऐकलं मी," आबासाहेब थेट धाकट्याला म्हणाले. "पाव्हणं, हा बुवा आमच्या घरात चौतीस वर्षं हाय. तो बाई असता तर आमाला कळलं नसतं का?"

"शब्द तेच हायत," आप्पाराव म्हणाले. "नदी तीच, पैंजन तेच. पन तुमी तिची तबकडी दडवून ठिवली अन् हा कोन्या मठातला मानूस आमच्यापुढं बसवला. कामून? आमी ती मागून नेऊ म्हनून?"

"आमी दडवायचे लोक न्हाईत," व्यंकटराव म्हणाले आणि भावाच्या बाजूला हातभर सरकून बसले. आता दोघांमध्ये अंतर उरलं नाही.

"मग सुपारीचं न्हाऊ द्या," आप्पाराव म्हणाले. "जे लोक एक गानं खरं वाजवत न्हाईत, ते पोरीचं वय तरी खरं सांगतील का? बन्सीधर, बैल जुंप."

"आप्पा, आताच तर सोडलेत बैल."

"मग परत जुंप."

*

दारामागे सुमन पोह्यांचं ताट घेऊन उभी होती. तिने ताट हलवलं नाही, पण ताटातल्या वाट्या एकमेकींवर वाजायला लागल्या. दगडाबाईंनी ते ऐकलं. त्यांनी दाराच्या फटीतून बायनाबाईकडे पाहिलं आणि बराच वेळ नजर काढली नाही.

बायनाबाईला ती नजर पाठीवर लागली. तिच्या हातात नवा काटा होता. तो छाटून झाला होता तरी ती छाटतच राहिली, शेवटी तो संपला.

"पाव्हणं खोटं बोलत न्हाईत," ती म्हणाली. "ती बाईच हाय."

"बायने," आबासाहेब म्हणाले.

"दादा, बाजा आला तवा पंधरा दिवस ती बाईच गायची. तुमी अन् बाबा तवा मोंढ्यावर होता कापसाच्या पायी, हा व्यंकट तर रांगत होता. आमी पोरी माळवदावर फेर धरायचो हिच्यावर. लय पळवायची ती. मंग म्या हा कडंचा, वेगाचा पेच फिरवला, ती हळू झाली. परत फिरवायचं ऱ्हाऊनच गेलं. तुमी आलात, ऐकलंत अन् रडलात. बाबा म्हनले, पोराला भक्ती लागली. आता कोन सांगनार?"

"कामून फिरवलास?" व्यंकटरावांनी विचारलं.

बायनाबाई उठली, स्वयंपाकघरातून उलथणं घेऊन आली आणि त्याचा कोपरा पेटीच्या कडेला असलेल्या पेचाच्या खाचेत बसवला. पेच चौतीस वर्षांत गंजून गेला होता. तिच्याने हलेना. व्यंकटरावांनी उलथणं हातात घेतलं, गुडघा पेटीला लावला आणि जोर केला. पेच करकरला, फिरला, आणखी फिरला आणि त्याचं डोकं तुटून उलथण्याबरोबर बाहेर आलं.

कोणी काही म्हणायच्या आत तबकडी फिरू लागली होती. बायनाबाईने काटा टेकवला.

बैठकीत एक मुलगी आली. सतरा-अठरा वर्षांची असावी. ती नदीवर पळतच गेली, सावळ्याला दोन शब्द सुनावले आणि पैंजण हरवलं त्याचं तिला काहीच वाटलं नाही, उलट हसूच आलं. आप्पाराव उठले. उठताना त्यांनी मुलाच्या डोक्याचा आधार घेतला. मग धोतराचा सोगा एका हातात धरून, दुसरा हात कानाशी नेऊन, ते होऊ घातलेल्या व्याह्यांच्या बैठकीत नाचू लागले. गुडघे नव्हते, म्हणून ते कमरेपासून वरच नाचत होते. बन्सीधरने तोंड फिरवून भिंतीवरच्या पंचांगात लक्ष घातलं. पंचांग मागच्या वर्षीचं होतं.

लुगड्याच्या घोळाखाली बायनाबाईच्या पायाचा अंगठा चालू होता. तिने पदर सारखा करून तो झाकला, तरी घोळ हलतच राहिला.

आबासाहेब तसेच बसले होते. त्यांचा चेहरा, बायनाबाई सांगते, यात्रेत बाप हरवलेल्या पोरासारखा झाला होता.

"ही कोन?" गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं. "कोनाची पोरगी ही?"

"हीच तर," आप्पाराव धापा टाकत म्हणाले.

"मी हिला विचारून बैल घेतले? हिला विचारून वाटणी कबूल केली?" ते धाकट्याकडे वळले. "व्यंकट, पेच मागं फिरव."

व्यंकटरावांनी तळहात उघडून पेचाचं तुटलेलं डोकं दाखवलं.

"परभणीहून मानूस बोलवा."

"त्याचं दुकान बंद हाय. लढाई चालूय दादा. मुंबईहून पिन यीना, पेच कुठून येतो?"

*

सुमनला कोणी बोलावलं नव्हतं. पण पोहे थंड होत होते, आणि आजोबांना असं बसलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. ती बाहेर आली, ताट ठेवलं, पाहुण्यांच्या पाया पडली आणि आजोबांच्या शेजारी पेटीजवळ बसली. कमानीत अजून जोर होता. तबकडी मुकाट फिरत होती. सुमनने नवा काटा लावला, तो टेकवला आणि कुंभार मडक्याच्या काठाला लावतो तसं एक बोट तबकडीच्या कडेला लावलं.

मुलीचा आवाज जड झाला, उतरला, आणखी उतरला, आणि बुवा आले.

आबासाहेबांनी मोठा श्वास घेतला.

"जरा सोडा की, पोरी," थोड्या वेळाने आप्पाराव हळूच म्हणाले. सुमनने बोट उचललं. मुलगी पळत आली. आप्पाराव बसल्या जागी खांदे हलवू लागले. मग आबासाहेबांनी खाकरून घेतलं, तिने बोट टेकवलं, बुवा परत आले. अशा तऱ्हेने निम्मी नदी पळत आणि निम्मी चाचपत पार झाली. व्यंकटराव चावी देत होते, बायनाबाई काटे छाटत होती. तेच गाणं सात वेळा वाजलं. पोहे कोणी खाल्ले नाहीत.

"बन्सीधर, बैल ऱ्हाऊ दे," आप्पाराव म्हणाले. "आबासाहेब, पोरगी पसंत. निस्ती पसंत न्हाई, अशी पोरगी म्या बगितलीच न्हाई. सुपारी आना."

बायनाबाई सुपारीचं तबक आणायला उठली.

"बस," आबासाहेब म्हणाले.

"आता काय?"

"वालूरचं पानी जड हाय. पोरीला सोसायचं न्हाई."

"आमी बी तेच पितो," बन्सीधर म्हणाला.

"अन् पोरीचं वय बी लहान हाय. पुढल्या साली बगू."

"दादा, तुमीच म्हनला होता, उशीर झाला म्हनून," व्यंकटराव म्हणाले.

"लांब बी हाय वालूर."

"ते कुठं हललंय का काल?" व्यंकटराव सरकून परत हातभर दूर बसले. "अक्का, त्यांना सांग, पोरीचं लगीन मोडायलेत का बाजा दुरुस्त करायलेत, एक काय ते ठरवा म्हनावं."

आबासाहेब सुमनच्या बोटाकडे पाहत होते. "दुसरं कोन धरनार?" ते म्हणाले. "धरून दाखवा कोनीबी."

व्यंकटरावांनी धरून पाहिलं. त्यांचं बोट नांगर धरणाऱ्याचं; बुवा एक शब्द बोलले आणि तबकडी जागच्या जागी थांबली. बन्सीधरने धरलं, तर बुवा जिना चढल्या-उतरल्यासारखे वरखाली होऊ लागले. बायनाबाईकडे सगळ्यांनी पाहिलं.

"मी न्हाई," ती म्हणाली. "माझं बोट तिला आडवायचं न्हाई. एकदा आडवली तेवढं बास."

आप्पाराव खाली मान घालून बसले. त्यांना आपण मागितलं ते मिळालं होतं, आणि आता सून मिळत नव्हती. सुमनने बोट काढून घेतलं, मांडीवर ठेवलं आणि दुसऱ्या हाताने झाकलं. तिच्या नखाशी तबकडीने काळी रेघ ओढली होती. तिला कोणी काही विचारलंच नव्हतं.

मग आतलं दार उघडलं.

दगडाबाई या घरात आल्यापासून पाहुणे असताना बैठकीत आल्या नव्हत्या. त्या आल्या तेव्हा आप्पाराव अर्धवट उठले आणि बन्सीधरने पुन्हा पंचांगाकडे तोंड केलं. दगडाबाईंनी कोणाकडे पाहिलं नाही.

"वन्संनी सांगितलं न्हाई, म्हनून मी सांगते," त्या म्हणाल्या. "तवा मला सातवा होता. हिचा बाप पोटात. पोरी फेर धरायच्या अन् मी कडंला बसायची. म्हनून वन्संनी पेच फिरवला. त्या जड पायानं बी मला फेर धरता यावा म्हनून." त्या थांबल्या. "तुमचा बुवा माझ्या पायी आलाय या घरात. सुमे, सरक."

सुमन सरकली. दगडाबाई पेटीजवळ बसल्या आणि त्यांनी पदर खोचला.

"व्यंकटभावजी, चावी."

व्यंकटरावांनी चावी दिली. बायनाबाईने काटा टेकवला. मुलगी खिदळत आली, आणि दगडाबाईंनी, जात्याच्या पाळूवरचं पीठ हलक्या हाताने सारखं करावं तसं, तिच्यावर बोट ठेवलं. आवाज खाली गेला, पण फार खाली गेला.

"जरा हलकं," आबासाहेब म्हणाले.

"एवढं?"

"अजून जरा."

"हे?"

"हां. हेच."

बुवा नदीच्या पहिल्या पायरीवर आले. आबासाहेब बायकोच्या बोटाकडे टक लावून बसले होते, ते कधी उचललं जाईल या धाकात.

"बगायला काय लागलात," दगडाबाई म्हणाल्या. "मी बसलेय. डोळे मिटा."

त्यांनी मिटले. बायनाबाईने तबक आप्पारावांपुढे सरकवलं. अडकित्त्याचा आवाज बुवांच्या मध्ये नको, म्हणून आप्पाराव पैंजण हरवेपर्यंत थांबले आणि मग त्यांनी सुपारी फोडली.